शिकलगारांचे तंबोरे

'शिकलगार' हा शब्द आता फक्त आडनाव म्हणून उरला आहे. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे या आडनावाची घरं गावोगाव सापडतात. माझ्या वर्गातही दरवर्षी एखादा तरी शिकलगार असायचाच. पण आडनावाचा अर्थ विचारला तर त्यालाही सांगता यायचा नाही. शब्द अरबी-फारसीतून आलेला. सैकल म्हणजे धातू घासून त्याला जिल्हई देणं. ते करणारा सैकलगर, आणि आपल्या तोंडी रुळून तो झाला शिकलगार. तलवारी, कट्यारी, भाल्यांची पाती यांचा गंज काढायचा, धार लावायची, पातं आरशासारखं लखलखीत करायचं, मूठ सैल झाली असेल तर बसवून द्यायची, ही त्यांची कामं. मराठेशाहीच्या लढाया आपण तारखांसकट पाठ करतो. त्या लढायांच्या आदल्या रात्री जागून धार लावणाऱ्यांबद्दल मात्र पुस्तकात एक ओळ सापडेल तर शपथ.

मी तेहतीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं. १८१८ साल आलं की धडा संपायचा. पेशवाई बुडाली, इंग्रजांचा अंमल सुरू झाला, खाली स्वाध्याय. एकदा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, लढाया संपल्यावर तलवारीला धार लावणारी माणसं काय करत होती?" वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न फार आवडला. बोर्डाच्या परीक्षेत कधी न येणारा, पण इतिहासाचा खरा प्रश्न तो हाच. राजे गेल्यावर राजांच्या भोवतीच्या हातांचं काय होतं?

या प्रश्नाचं एक उत्तर आमच्या शाळेपासून फार लांब नव्हतं. मिरजेत होतं.

मिरज म्हटलं की बहुतेकांना दवाखाने आठवतात, नाही तर रेल्वेचं जंक्शन. जुन्या माणसांना अब्दुल करीम खाँ आठवतात. पण मिरज हे मुळात लष्करी ठाणं. इथला भुईकोट किल्ला जुना, आणि पेशवाईत तो पटवर्धन सरदारांकडे आला. पटवर्धन म्हणजे पेशव्यांचे दक्षिणेकडचे मातब्बर सरदार. हैदर-टिपूशी झालेल्या मोहिमांत त्यांची फौज पुढे असायची. जिथे फौज तिथे घोडे, जिथे घोडे तिथे नालबंद, आणि जिथे तलवार तिथे शिकलगार. मिरजेत त्यांची वस्ती असणं यात नवल काहीच नाही.

मग १८१८ आलं. पटवर्धनांची संस्थानं राहिली, पण स्वारी राहिली नाही. दरबारात तलवार राहिली ती दसऱ्याला पुजण्यापुरती. पुढे १८५७ च्या गडबडीत इंग्रजांनी लोकांकडची हत्यारं काढून घेण्याचा कायदा केला. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी हत्यारं द्यायला नकार दिला आणि त्यांचं बंड मोडून काढलं गेलं, ते याच मुलखात. १८७८ साली आला आर्म्स अ‍ॅक्ट, म्हणजे हत्यार बाळगायला परवाना. धार लावणाऱ्याच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ एकच. गिऱ्हाईक संपलं.

बरेच शिकलगार मग सुऱ्या-कात्र्यांकडे वळले. पायाने चाक फिरवत "धाऽर लावायची का" म्हणत हिंडणारे लोक आमच्या लहानपणी दारावर यायचे. कोणी कुलपं दुरुस्त करू लागले, कोणी शेतीची अवजारं. मिरजेतल्या एका घराने मात्र वेगळीच वाट धरली.

हकिकत अशी सांगतात. पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड. उत्तरेतले गवई, बीनकार, सतारिये दरबारात यायचे, कधी महिनोन् महिने मुक्काम करायचे. वाद्यं नाजूक. प्रवासात भोपळ्याला तडा जायचा, खुंटी तुटायची, घोडी झिजायची. दुरुस्तीला दिल्ली-लखनौला पाठवणार कसं? त्या काळी इथे रेल्वेही नव्हती. तेव्हा गावातल्या फरीदसाहेब शिकलगार नावाच्या कारागिराला बोलावणं गेलं. हाताने हुशार आणि डोक्याने उद्योगी अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी वाद्य उघडलं, पाहिलं आणि दुरुस्त करून दिलं. मग म्हणाले असतील की दुरुस्त होतं ते करताही येईल. (हे वाक्य माझं. इतिहासाच्या बाईंनी असं करू नये, पण केलं.) फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोहिनुद्दीन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेत तंबोरे आणि सतारी करायला सुरुवात केली. त्यांच्या घराण्यातल्या पुढच्या पिढ्यांनी आडनावच बदललं, 'सतारमेकर'. अर्धं आपलं, अर्धं इंग्रजी. आज ज्या गल्लीत ही घरं आहेत तिचं नावही सतारमेकर गल्ली.

आता वाचकहो, मला या हकिकतीत बरीच वर्षं एक अडचण वाटत होती. लोखंडावर काम करणारा माणूस लाकूड-भोपळ्याकडे कसा वळला? सुतार वळला असता तर समजलं असतं. याचं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. ते मिळालं गेल्या वर्षी सतारमेकर गल्लीत, जमिनीवर बसून.

झालं असं, माझ्या थोरल्या नणंदेचा तंबोरा आमच्याकडे आला. त्या चांगल्या गात. लग्नानंतर गाणं सुटलं, तंबोरा सुटला नाही. खोळ घालून तो खोलीच्या कोपऱ्यात उभा असायचा आणि नवरात्रात तारा लावल्या जायच्या. त्या गेल्यावर मुलं म्हणाली, मामी, तुम्हीच घेऊन जा, आमच्या फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नाही. खोळ काढली तर भोपळ्याला वीतभर तडा, तबली एका बाजूने सुटलेली आणि चारपैकी दोन खुंट्या गायब. मी भाच्याला बरोबर घेतलं आणि मिरज गाठली.

गल्ली म्हणजे साधी गल्ली. दोन्हीकडे घरं, घरांच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे काम. कारखाना नाही, भोंगा नाही, पाळी नाही. प्रत्येक घराची पाटी वेगळी आणि प्रत्येक पाटीवर पिढ्यांचा हिशेब. आत डोकावलं तर माळ्यापासून खालपर्यंत भोपळेच भोपळे, पिवळट, करड्या रंगाचे, काही तर मांडीवर मावणार नाहीत एवढे. ज्यांच्याकडे आम्ही गेलो ते साठीच्या पुढचे असतील. घरात दखनी बोलतात, आमच्याशी अस्सल मिरजेची मराठी. मी त्यांना भाई म्हटलं. मी शाळेत शिकवत होते हे भाच्याने आधीच सांगून टाकलं, त्यामुळे मी लगेच बाई झाले.

"बसा की बाई, चहा सांगतो. हे काय एका दिवसाचं काम न्हाई," असं म्हणत त्यांनी तंबोरा आडवा मांडीवर घेतला आणि बोटाच्या पेराने भोपळ्यावर टिचक्या मारत गेले. सगळीकडे टकटक, एका जागी मात्र आवाज बसका आला. "इथं आत पण गेलंय."

मी विचारलं, "भाई, हा कुणी केला असेल?"

त्यांनी गळ्यावरची कोरलेली पानं पाहिली, तबलीचा बाक पाहिला, आत बॅटरी मारली. आतला कागद केव्हाच कुरतडला गेला होता. म्हणाले, "पानं आमच्या गल्लीचीच हायत. घर कुठलं, ते सांगता यायचं न्हाई. जुने लोक नाव कुठं घालत होते?"

नणंदबाईंना कोणाकडे शिकवणी होती, त्या गुरूंचे गुरू कोण, हे आमच्या घरात पाठ आहे. तंबोरा कोणी केला हे कोणालाच ठाऊक नाही. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णू दिगंबर पलुस्कर शिकले, आणि त्यांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, हे मी वर्गात शिकवलं आहे. त्या शिक्षणाच्या मागे रोज पहाटे कोणाचा तरी तंबोरा वाजत असणार. विद्यालयं निघाली, सामान्य घरातली मुलं-मुली गाणं शिकू लागली म्हणजे तंबोरेही तेवढे लागले. १८८० मध्ये किर्लोस्करांचं शाकुंतल रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकांचं युग सुरू झालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला रेल्वे मिरजेवरून गेली, १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटा जोडला गेला. पुणे, बेळगाव, धारवाड, हुबळी एका रात्रीच्या अंतरावर आलं. गल्लीला गिऱ्हाईक मिळालं ते अशा सगळ्या कारणांनी. गाण्याच्या इतिहासात ही कारणं येतात, गल्ली येत नाही.

असो. भाईंकडे वळू.

दुरुस्तीच्या निमित्ताने मी तिथे चार वेळा गेले आणि दर वेळी दोन-तीन तास बसले. म्हातारपणी वेळ असतो, आणि शिकवायची सवय गेली तरी विचारायची सवय जात नाही. त्यांनीही कंटाळा केला नाही.

सुरुवात भोपळ्यापासून. हा आपला खायचा भोपळा नव्हे. कडू असतो, जनावरंही तोंड लावत नाहीत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठच्या गावांत त्याची लागवड होते. पुरुषी तंबोऱ्याला पन्नास इंचांच्या आसपास घेर लागतो आणि तो सगळीकडून गोल लागतो. म्हणून वेलीवर असतानाच शेतकरी भोपळा बुडावर नीट बसवून ठेवतो, खाली पालापाचोळा घालतो, मधूनमधून बघत राहतो, नाही तर एका अंगाने चपटा होतो. पिकून पुरता वाळल्यावरच तो काढायचा. नेमका त्याच वेळी अवकाळी पाऊस लागला की डाग पडतात, भोपळा आतून कुजतो. आणल्यावर माळ्यावर ठेवून आणखी वाळवायचा. भाई म्हणाले, "भोपळा घेताना आम्ही आवाज ऐकतो बाई, रंग न्हाई बघत."

मग भोपळा भिजवून तोंड कापायचं, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या. ते काम त्यांच्या घरातल्या बायका करत होत्या, आणि बिया बाजूला वाळत घातलेल्या होत्या, पुढच्या सालच्या शेतकऱ्याला द्यायला. कापलेल्या तोंडाला लाकडाची पट्टी बसवून आकार पक्का करायचा. लाकूड तुणाचं, हलकं आणि सुतात फाटणारं, तेही बहुतेक कर्नाटकातून येतं. गळा, पोकळ दांडी, वर पातळ तबली. तबली सपाट नसते, तिला किंचित पोट असतं, आणि ते पोट किती द्यायचं याचं माप कुठे लिहिलेलं नाही. पूर्वी जोड सरसाने चिकटवत, आता फेविकॉल आला. जोड सुकेपर्यंत सगळं वाद्य सुतळीने करकचून बांधतात. तेव्हा ते दवाखान्यातल्या पेशंटसारखं दिसतं. मग पानांचं कोरीव काम, नक्षीची पट्टी (एके काळी हस्तिदंत, सांबरशिंग वापरत. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी ते थांबलं, आणि थांबलं ते योग्यच झालं), नंतर रंग आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे हात. एक हात सुकल्याशिवाय दुसरा नाही. घाई केली की पृष्ठभाग ढगाळतो.

इथपर्यंतचं काम पाहताना मला सुतार दिसत होता, रंगारी दिसत होता. शिकलगार कुठे दिसत नव्हता.

तिसऱ्या खेपेला तो दिसला. तारा चढवल्या होत्या आणि भाई जवारी लावायला बसले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तंबोऱ्याच्या तारा तबलीवरच्या घोडीवरून जातात. व्हायोलिनची घोडी वर निमुळती असते, तार एका टोकदार कडेवर टेकते. आपल्या तंबोऱ्याची घोडी चांगली रुंद असते आणि वरून अगदी किंचित, डोळ्यांना न कळणारी उतरती असते. तार छेडली की ती या उतारावर टेकते-सुटते, टेकते-सुटते. त्यातून तो झंकार निघतो. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. तो केसभर पुढेमागे केला की आवाज उघडतो किंवा मिटतो. या जवारीने चार तारांतून चाळीस सूर ऐकू येतात म्हणा ना. खर्जाच्या पितळी तारेतून गंधार ऐकू येतो, जो कुठल्याच तारेवर लावलेला नसतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तंबोरा यांच्या या घोडीवर शोधनिबंध लिहिला आहे. नेहमीच्या नियमाप्रमाणे तार ज्या ठिकाणी छेडावी त्यावर काही उपस्वर उमटायलाच नकोत, पण या घोडीमुळे ते उमटतात, असं त्यांनी दाखवलं. नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. विज्ञानाच्या मास्तरांनी वर्गात सांगावी अशी.

तर भाई ती घोडी कानशीने घासत होते. घासणं म्हणावं की नाही असं घासणं. कानस दोन वेळा फिरवायची, भुकटी फुंकायची, घोडी डोळ्यांच्या रेषेत धरून उजेडाकडे बघायची, तार चढवायची, छेडायची, मान हलवायची, तार उतरवायची, पुन्हा कानस. एका तारेला पाऊण तास. शेवटी काचपेपरचा तुकडा, त्याहून शेवटी नुसतं बोट. पातं डोळ्यांसमोर धरून उजेडाच्या रेषेत धार बघणारा माणूस मी चित्रात पाहिला होता. तोच इथे बसला होता. हातात पात्याऐवजी घोडी होती, एवढंच.

माझ्या अडचणीचं उत्तर मला तिथे मिळालं. केसभर पृष्ठभाग खाली आणायचा, तो कुठे आणायचा हे डोळ्यांनी आणि बोटाच्या पेराने ठरवायचं, आणि कुठे थांबायचं हे कळलं पाहिजे. एक हात जास्त पडला की धार गेली, एक हात जास्त पडला की जवारी गेली. फरीदसाहेबांच्या हातात हे आधीपासून होतं. लाकूडकाम शिकता येतं, त्यांनी ते शिकून घेतलं असेल. जवारी मात्र शिकलगारालाच सापडावी अशी गोष्ट आहे. हा माझा तर्क, पुरावा म्हणाल तर एक दुपार.

भाईंना मी हे सांगितलं. ते हसले. "आमचे आजोबा म्हणायचे, जवारी म्हणजे आवाजाची धार. पण धार म्हणजे कापायची न्हाई, उघडायची."

अब्दुल करीम खाँसाहेबांना ही धार फार कळायची. ते मूळचे कैरान्याचे. मिरजेत आले आणि इथलेच झाले. तंबोरा लावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि वाद्यांची दुरुस्ती ते स्वतःही करत. हिराबाई बडोदेकरांचा जन्म मिरजेचा, १९०५ चा. खाँसाहेब १९३७ मध्ये मद्रासकडे प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनवर गेले, आणि मिरजेत मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. या उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही संगीत महोत्सव भरतो. दोन्हीकडचे तंबोरे एकाच गल्लीतले. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेचं नाव दंगलीसाठी सगळीकडे झालं. तेही खरं, आणि हेही खरं. वर्तमानपत्राला दुसऱ्यात बातमी दिसत नाही, त्याला इलाज नाही.

आता थोडं आजचं.

१९७९ साली बंगळुरात बासरी वाजवणाऱ्या एका अभियंत्याने इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या, बसने शिकवणीला जाणाऱ्या मुलीला तो पेटीएवढा डबा वरदानच होता. नंतर तोही मागे पडला आणि तंबोरा फोनमध्ये आला. माझी भाचेसून त्यावरच रियाज करते आणि छान गाते. पण गल्लीचा हिशेब यात चुकला. पूर्वी दर विद्यार्थ्यामागे एक तंबोरा विकला जायचा. आता मैफिलीचा गवई घेतो, विद्यालय घेतं, परदेशातला कोणी हौशी घेतो.

दुसरी बाजू भोपळ्याची. १९८० मध्ये उजनीचं धरण पुरं झालं आणि सोलापूर जिल्ह्यात ऊस फोफावला. शेतकऱ्याने काय करावं? उसाला कारखाना आहे, भोपळ्याला एक गल्ली. त्यात अवकाळी पाऊस. भाई हंगामात स्वतः भीमाकाठी जातात, शेताच्या बांधावर उभे राहून टिचक्या मारतात, पसंत पडतील ते सगळे भोपळे एकदम उचलतात. म्हणाले, पूर्वी निवडायला लागायचं, आता मिळालं ते घ्यायला लागतं. तंबोरा टिकवायचा म्हणजे कारागिराला पैसे द्या असं आपण पटकन म्हणतो. कडू भोपळा लावणाऱ्याचं काय, हे कोणी विचारत नाही. तो नसेल तर भाईंच्या हातातली कानस काय करील?

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगली गोष्ट झाली. दुसरीकडे केलेल्या वाद्यावर मिरजेचं नाव लावून विकता येणार नाही. निदान कायद्याने तरी. मी भाईंचं अभिनंदन केलं. ते म्हणाले, "नाव राखलं बाई, चांगलं झालं. आता हात राखायला पायजेत."

हात राखायचे म्हणजे काय, ते चौथ्या खेपेला दिसलं. त्या दिवशी रविवार होता. भाईंचा पुतण्या पुण्याहून आला होता. डिप्लोमा झालेला, कंपनीत नोकरीला. महिन्यातून एकदा येतो. आल्या आल्या चहा घेऊन तो चुलत्यासमोर बसला आणि एका सतारीची घोडी घासायला घेतली. भाई त्याच्याकडे बघत नव्हते, माझ्याशी बोलत होते, पण कान तिकडे. मध्येच बोलता बोलता थांबून म्हणाले, "बस." पोराने कानस खाली ठेवली. तार छेडली. खरंच, आवाज उघडला होता.

मी त्या पोराला विचारलं, "का रे बाळा, हेच पूर्ण वेळ का नाही करत?"

"मॅडम, एका तंबोऱ्याला पंधरा-वीस दिवस जातात. विकला कधी जाईल सांगता येत नाही. माझं लग्न ठरायचंय," तो म्हणाला. नंतर हसून म्हणाला, "पण सोडलं नाहीये. कंपनीत माझं काम फिनिशिंगचं आहे. तिथं सगळे म्हणतात तुझा हात बरा आहे."

आठवीतल्या त्या मुलीचा प्रश्न मला तिथे आठवला. हात एका कामातून दुसऱ्या कामात जातो हे मी पाहत होते. या वेळी तो गल्लीतून बाहेर निघाला आहे, एवढाच फरक, आणि मला तो फरक लहान वाटत नाही.

तंबोऱ्याची तबली बसवायच्या आधी मी भाईंना म्हटलं, आत तुमचं नाव घाला. नको नको म्हणाले. मी हट्ट धरला. मग शिसपेन्सिल घेऊन त्यांनी आतल्या लाकडावर 'दुरुस्ती, मिरज' आणि साल लिहिलं. नाव लिहिलं ते वडिलांचं.

शेवटी थोडं कामाचं. तुमच्या घरी माळ्यावर किंवा कोपऱ्यात जुना तंबोरा असेल तर तो पावसाळ्याआधी एकदा खोळीतून काढून बघा. रोज वाजत नसेल तर तारा उतरवून ठेवा, ताणलेल्या तारांनी तबली खचते. भोपळा भिंतीला टेकवू नका, ओल धरतो. झुरळं आणि उंदीर यांना आतला कागद आवडतो. तडा दिसला तरी भंगारात देऊ नका, बहुतेक तडे सांधता येतात. मिरज स्टेशनला उतरून रिक्षावाल्याला सतारमेकर गल्ली सांगितलं की पुरे. जाताना वाद्य स्वतःच्या मांडीवर घ्या, भोपळा वरच्या अंगाला. आणि रविवारी गेलात तर पोरं भेटण्याचा संभव जास्त.